शांता आपटे: छडीच्या गोष्टी राहू देत, आधी आवाज ऐक

नाट्यशास्त्राच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलंय: “‘कुंकू’ चित्रपटातल्या शांता आपटे यांच्यावर मला वर्गात पंधरा मिनिटं बोलायचं आहे. जिथे शोधावं तिथे त्यांनी स्टुडिओच्या फाटकात उपोषण केलं आणि एका संपादकाला छडीने झोडपलं, एवढंच सापडतं. नटी म्हणून त्या नेमक्या कशा होत्या? गळा होता म्हणून चालल्या का? आणि आज त्यांचं काम बघायचं तर सुरुवात कुठून करू?”

माझं काम आवाजाचं. सत्तावीस वर्षं डबिंग, ध्वनिसंकलन आणि जुन्या तबकड्यांची साफसफाई करतेय. अलीकडे नव्या मुलामुलींना माइकपुढे उभं राहायलाही शिकवते. शांताबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या हेडफोनमधून, पडद्यावर नंतर. त्यामुळे मी तुझ्या प्रश्नाकडे कानाच्या बाजूने जाणार.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, गळा नसता तर त्यांना सिनेमात कुणी घेतलंच नसतं. बोलपटाच्या पहिल्या दहा वर्षांत नायिका व्हायचं तर गाता येणं ही पहिली अट होती. पण गळा त्या काळात पुष्कळ जणींकडे होता, आणि त्यातल्या बहुतेकींची नावं आज तुला सांगता येणार नाहीत. शांताबाईंनी काय केलं, तर गाणं सुरू झालं तरी पात्र सोडलं नाही. ऐकायला साधं वाटतं. ते तेव्हा किती अवघड होतं हे समजायला जरा मागे जावं लागेल.

त्यांचा जन्म १९१६चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर, गाण्याचे शौकीन. मुलीचा गळा लहानपणीच ध्यानात आला. पंढरपूरला महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिला शिकायला मिळालं आणि गणेशोत्सवातून ती गाऊ लागली. तेव्हा रंगभूमीवर बालगंधर्वांचं राज्य होतं. बाईचं काम पुरुषाने करायचं, यात कुणालाही वावगं वाटत नव्हतं. सिनेमाचीही सुरुवात तशीच झाली. १९१३मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. तरीही सुशिक्षित, पांढरपेशा घरातली बाई तारामती म्हणून पडद्यावर यायला १९३२ उजाडलं. ‘अयोध्येचा राजा’मधल्या दुर्गाबाई खोटे त्या. तारामतीच्या दोन भूमिकांमध्ये एकोणीस वर्षं गेली.

त्याच १९३२मध्ये भालजी पेंढारकरांनी दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनसाठी ‘श्यामसुंदर’ केला. कृष्ण होते शाहू मोडक आणि राधा होती सोळा वर्षांची शांता आपटे. दोघांचाही तो पहिला चित्रपट. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. या चित्रपटावर मी फार बोलणार नाही. मला त्यानंतरची दोन वर्षं महत्त्वाची वाटतात.

आता त्या वेळचं रेकॉर्डिंग कसं व्हायचं ते बघ, कारण तुझ्या वर्गात हे कुणाच्या डोक्यात नसणार. आज नटीच्या कपड्यात बोटाच्या पेराएवढा माइक लपवतात. शिवाय काही चुकलं तर डबिंगला माझ्यासारखी बाई बसलेली असतेच. तेव्हा बहुधा एकच माइक असायचा, चौकटीच्या जरा वर लटकलेला. कॅमेऱ्याचा घरघराट माइकमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेऱ्यालाच खोक्यात नाहीतर जाड आवरणात कोंडायचं. सेटवर पंखा लावता येत नसे आणि दिव्यांची धग तर विचारू नकोस. वाजवणारी मंडळी चौकटीच्या बाहेर, झाडामागे नाहीतर भिंतीआड. आवाज फिल्मवर प्रकाशाच्या रेघांनी उमटायचा. नंतर वाद्य वेगळं, गळा वेगळा असं करता येत नसे. गाणाऱ्याचा सूर, वाजवणाऱ्याचा ठेका, नटाची हालचाल, कॅमेऱ्याचं सरकणं, सगळं एकाच दमात जमलं पाहिजे. शेवटच्या ओळीत कुणाला खोकला आला की गाणं पहिल्यापासून.

अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? माइकखाली उभा राहील, मान ताठ ठेवील आणि गाईल. मान वळवली की आवाज पडतो, दोन पावलं बाजूला गेलं की शब्द विरतात. त्यात आमच्या संगीत नाटकाची सवयही तशीच. पद आलं की नट पुढे यायचा, प्रेक्षकांकडे तोंड करून गायचा, वन्समोअर घ्यायचा आणि मग पुन्हा पात्रात शिरायचा. लोकांना ते आवडायचं, मलाही आवडतं. पण त्यात गाणं आणि पात्र हे दोन वेगळे खण होते. पहिल्या बोलपटांतली कितीतरी गाणी त्यामुळे भिंतीवरच्या तसबिरीसारखी दिसतात. चेहरा थांबलेला आणि गळा चाललेला.

१९३३मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि पुण्यातला पहिला मोठा चित्रपट केला ‘अमृतमंथन’, १९३४चा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीतकार केशवराव भोळे. हा चित्रपट आठवला की लोकांना चंद्रमोहन या नटाचा तो भेदक डोळा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. माझ्या मते त्याच चित्रपटात आणखी एक गोष्ट घडली. केशवराव भोळे भावगीताच्या वळणाचे संगीतकार होते. शब्दाचा अर्थ सुरात उतरला पाहिजे, यावर त्यांचा भर. असा संगीतकार आणि अठरा वर्षांची ही चपळ मुलगी एकत्र आली. शांताबाईंनी साकारलेली सुमित्रा गाते तेव्हा भुवया, बुबुळं, बोटं, खांदे, सगळं गाण्याबरोबर चालतं. ओळीतला शब्द गळ्यातून निघायच्या आधी डोळ्यांत येतो.

बारकाईने पाहिलंस तर एक युक्ती कळेल. त्या खूप हलतात असं वाटतं, पण हालचाल बहुतेक कोपरापासून पुढे आणि हनुवटीपासून वर असते. धड फारसं जागा सोडत नाही. त्यामुळे तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर फार बिघडत नाही. हे कुणी शिकवलं की आपोआप आलं, ते बाजूला ठेवू. सेटवर काम केलेल्या माणसाला ती शिस्त लगेच ओळखू येते. मी माझ्या मुलांना हेच दाखवते की माइक कुठे आहे हे डोळ्यांना न दाखवता सगळ्या अंगाला माहीत पाहिजे.

इथे माझीच एक चूक सांगते, कारण तिच्यामुळे मी शांताबाईंना ऐकायला शिकले. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे काही तबकड्यांची कामं आली. अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. त्यात शांताबाईंचं ‘कुंकू’मधलं ‘भारति सृष्टीचें सौंदर्य खेळे’ होतं. खरखर भयंकर होती. मी नवीन सॉफ्टवेअर शिकले होते, त्याच्या उत्साहात नॉइज रिडक्शन असं काही चढवलं की आवाज धुतल्या तांदळासारखा झाला. काम देणारे गृहस्थ वयस्कर होते, गाण्यातले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “बाई गातायत, पण श्वास कुठे घेतायत?”

मी मूळ फाइल पुन्हा लावली. ओळ संपली की एक छोटा, भरकन घेतलेला श्वास होता. यंत्राला तो खरखरीसारखाच वाटला, म्हणून त्याने तोही पुसला. श्वास गेला तशी पुढच्या शब्दाची उडीही गेली. स, श, च या अक्षरांची धारही बोथट झाली होती. सगळं काढून पुन्हा केलं. खरखर राहू दिली, फक्त मोठे टकटक आवाज हाताने एकेक काढले. सहा दिवस गेले. तेव्हापासून जुन्या गाण्याला हात लावायच्या आधी मी गाणाऱ्याचे श्वास मोजते. शांताबाईंचा श्वास ओळीच्या शेवटी लपत नाही. तो पुढच्या ओळीची तयारी असतो, कुणाला तरी उत्तर द्यायच्या आधी माणूस घेतो तसा.

तुझ्यासाठी यातली कामाची गोष्ट ही की इंटरनेटवर मिळणारी त्यांची पुष्कळ गाणी तबकडीवरून घेतलेली असतात, चित्रपटातून नव्हे. त्या काळी तबकडीसाठी गाणं बऱ्याचदा वेगळं गायलं जाई आणि तीन मिनिटांत बसवलं जाई. काही ठिकाणी तबकडी चुकीच्या वेगाने वाजवून उतरवलेली असते, मग आवाज उगाच बारीक आणि चिरका लागतो. “जुन्या बायका नाकात गायच्या” असं म्हणणाऱ्यांनी बहुधा अशाच फिती ऐकलेल्या असतात. चित्रपटातलं गाणं बघ आणि त्यावरच मत दे.

१९३६च्या ‘अमर ज्योती’त शांताबाई आणि दुर्गाबाई खोटे एकत्र आहेत. दुर्गाबाई सौदामिनी, अन्यायाने पेटून समुद्री लुटारू झालेली स्त्री. शांताबाई राजकन्या नंदिनी. संगीत मास्टर कृष्णरावांचं. दोघी एका वर्गात दाखवायला उत्तम, कारण घडण अगदी वेगळी. दुर्गाबाईंचं बळ उभं राहण्यात आहे. त्या चौकटीत आल्या की चौकट त्यांची होते. शांताबाईंचं बळ वेगात. ‘सुनो सुनो बन के प्राणी’ या गाण्यात त्या थांबतच नाहीत. मी कुणाला वर-खाली ठेवत नाही. फक्त दुर्गाबाईंसारखा रुबाब शांताबाईंकडे शोधू नकोस आणि शांताबाईंची झेप दुर्गाबाईंकडे मागू नकोस.

आता ‘कुंकू’. १९३७. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, दिग्दर्शन शांताराम यांचं. हिंदी आवृत्ती ‘दुनिया ना माने’. पोरकी नीरा मामाकडे वाढलेली आहे. तिला फसवून तिचं लग्न काकासाहेब नावाच्या वयस्कर, विधुर वकिलाशी लावलं जातं. काकासाहेबांना तिच्या वयाची, तिच्याहून मोठी मुलं आहेत. नीरा त्या घरात येते, पण त्याला नवरा मानायला नकार देते. पूर्ण चित्रपट त्या नकारावर उभा आहे.

मराठी प्रेक्षकाला हा विषय नवा नव्हता. देवलांचं ‘शारदा’ १८९९ला रंगभूमीवर आलं होतं, आणि शारदेचं दुःख घरोघर गायलं जात होतं. पण शारदा रडते, विनवते, जीव द्यायला निघते. तिचं लग्न मोडतं ते सगोत्राचं निमित्त निघाल्यामुळे, बाहेरच्या माणसांमुळे. नीरेचं लग्न मोडत नाही, लागतं. सुटका करायला कुणी येत नाही, आणि त्या क्षणापासून ती स्वतः उभी राहते. शारदेचं दुःख पदांतून वाहतं. नीरेचं दुःख जिभेवर येतं तेव्हा त्याला धार असते. वर्गात मराठी मुलं असतील तर ही तुलना नक्की कर. शारदा आणि नीरा यांच्यात अडतीस वर्षांचं अंतर आहे. त्या काळात बाईच्या आवाजाचं काय झालं ते एकाच कथेत ऐकू येतं.

नटी म्हणून शांताबाईंची कसोटी इथे फार कठीण लागली, कारण शांतारामांनी ‘कुंकू’तून पार्श्वसंगीत काढून टाकलं. प्रसंगाच्या मागे व्हायोलिन रडणार नाही, तबला धडधडणार नाही. घरातलेच आवाज: घड्याळाची टिकटिक, पावलं, दार, भांडं. भिंतीवरच्या घड्याळाचा त्या घराशी आणि काकासाहेबांच्या वयाशी जो संबंध आहे तो निव्वळ आवाजातून अंगावर येतो. पार्श्वसंगीत ही नटाची कुबडी असते. चेहऱ्यावर काही उमटलं नाही तरी मागचं संगीत प्रेक्षकाला सांगतं की आता वाईट वाटून घ्या. ती कुबडी काढली की शब्द कुठे तोडायचा, कुठे गप्प राहायचं, हे नटीलाच ठरवावं लागतं. आजही माझ्याकडे संगीताशिवायचे कच्चे भाग येतात तेव्हा भल्याभल्यांचे प्रसंग तिथे उघडे पडतात. नीरेचे पडत नाहीत.

समोर केशवराव दाते आहेत, रंगभूमीवर मुरलेले, मराठीतल्या थोर नटांपैकी एक. काकासाहेबांना त्यांनी खलनायक केलं नाही, म्हाताऱ्याची हाव आणि लाज एकत्र ठेवली. दाते बोलताना थांबतात, आवंढा गिळतात, वाक्य अर्धवट सोडतात. शांताबाई त्या थांबण्यावर चाल करून येतात. दात्यांचं वाक्य संपतंय न संपतंय तोच नीरेचं सुरू. मराठीत आपण म्हणतो ना, ‘तोंड वर करून बोलते’, ते ऐकायचं असेल तर इथे ऐक. त्या वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणत नाहीत. आपल्याकडे मुलींना आवाज शेवटी खाली आणायलाच शिकवलेलं असतं, मग तो राग असो नाहीतर प्रश्न. नीरेचा शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच वर असतो. माझ्या वर्गात मुलींना राग बोलायला सांगितला की निम्म्याजणी शेवटी विनंतीवर येतात. मग मी हा भाग लावते.

छडीचा प्रसंग चित्रपटातही आहे. काकासाहेबांचा मुलगा सावत्र आईशी लगट करू बघतो आणि नीरा त्याला छडीने फोडून काढते. थिएटरात टाळ्या तिथेच पडल्या असणार. मला मात्र त्याच चित्रपटातलं तिचं गाणं जास्त धाडसाचं वाटतं. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, चक्क इंग्रजीत, जीवनाच्या रणांगणावर झुंजायला सांगणारी. १९३७च्या मराठी घरातली, फसवून लग्न लावलेली मुलगी, नऊवारी सुनांच्या त्या जगात उभी राहून हे गाते. उच्चार कमावलेला नाही, आणि म्हणूनच खरा वाटतो: शाळेत ऐकलेली कविता एखाद्या मुलीने हत्यार म्हणून उचलावी तसा.

त्या घरात नीरेला एक आधार मिळतो, काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलं. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी केंब्रिजला शिकलेली होती आणि र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार करत होती. पडद्यावर जे बोलायचं ते जगणारी बाई समोर होती. या दोघींच्या प्रसंगात नीरेचा आवाज एकदम मऊ होतो. तोही ऐक. सतत वरच्या पट्टीत असती तर ती नुसती भांडकुदळ वाटली असती.

प्रभातचे चित्रपट मराठी आणि हिंदीत बरोबरच काढले जात, म्हणजे तोच प्रसंग त्याच सेटवर दोनदा करायचा. एका भाषेत संताप ओतून झाला की लगेच दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून. मिळाल्या तर दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहा. माझ्या कानाला मराठी नीरा जास्त झोंबते. हिंदीत त्या शब्दांकडे जरा लक्ष देऊन बोलतात, मराठीत शब्द आपसूक सुटतात.

१९३८च्या ‘गोपाल कृष्ण’मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या, बालकृष्ण होते राम मराठे. गोड काम आहे, पण तुझ्या पंधरा मिनिटांत त्याला जागा नाही.

आता उपोषण. १९३९मध्ये करारावरून बिनसलं आणि शांताबाई प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसल्या. हे खरं आहे. पण ते ‘तऱ्हेवाईक नटीचा किस्सा’ म्हणून सांगितलं जातं, आणि मला त्याची चीड येते. त्या वेळी नट-नट्या कंपनीच्या पगारावर असत. महिन्याचा पगार, ठरावीक वर्षांचा करार, बाहेर काम करायला बंदी. काम नसलं तर बसून राहायचं, असलं तर रात्र म्हणायची नाही. चित्रपट पंचवीस आठवडे चालला तरी नटीच्या पदरात पगारच. आणि कराराच्या अटी ठरवताना बहुतेक बायकांच्या वतीने घरातला पुरुष बोलणार. शांताबाईंचाही व्यवहार भाऊ बाबूराव आपटे बघत. अशा काळात तेवीस वर्षांची एक बाई स्वतः येऊन फाटकात बसते. उपोषण हे शस्त्र तेव्हा देशात सगळ्यांना माहीत होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. शांताबाईंनी ते शस्त्र स्वतःच्या मजुरीच्या भांडणात आणलं. मालक-मजूर हा शब्द सिनेमाच्या फाटकाशी कुणी लावत नव्हतं, तेव्हा त्यांनी तो तिथे नेऊन ठेवला.

हे माझं अनुमान नाही, कारण पुढच्याच वर्षी, १९४०ला, त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. शीर्षकातच प्रश्न आहे. तो सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींचा प्रश्न आहे, आणि बाई त्याचं उत्तर आपल्या आठवणी गोड करून देत नाहीत. पैसा कोण घालतं, कोण कमावतं, कष्ट कुणाचे जातात, बाईला कसं वागवलं जातं, यावर त्या बोलतात. चोवीस वर्षांची नटी, कारकीर्द भरात असताना, ज्या धंद्यात राहायचं आहे त्याच धंद्याबद्दल हे लिहिते. छडीच्या कथेपेक्षा हे पुस्तक वर्गात ने. संपादकाची ती कथा मीही शंभरदा ऐकली आहे, दर वेळी तिला नवी फोडणी बसलेली असते.

प्रभातनंतरच्या कामाला लोक ‘उतार’ म्हणतात. मी इतकं सरसकट म्हणणार नाही. १९४१मध्ये त्या मद्रासकडे गेल्या आणि वाय. व्ही. राव यांच्या तमिळ ‘सावित्री’त सावित्री झाल्या. वर्षभर तमिळ शिकल्या आणि संवाद स्वतः बोलल्या. त्या चित्रपटात नारदाचं काम एम. एस. सुब्बलक्ष्मी यांनी केलं होतं. पुण्यात घडलेली मराठी गायिका-नटी आणि कर्नाटक संगीतातली ती थोर गायिका एका पडद्यावर, ही आठवण आपण मराठी लोकांनी फार जपलेली नाही. डबिंगचं काम करणारी बाई म्हणून मला वर्षभर भाषा शिकण्याचं मोल ठाऊक आहे. आज चार दिवसांत परकी भाषा ओठांवर बसवून देण्याची मागणी माझ्याकडे येते. मग लाहोरला पंचोलींच्या ‘जमीनदार’मध्ये, १९४२ला, संगीतकार गुलाम हैदर. पुणे, मद्रास, लाहोर अशी तीन गावं आणि तीन वेगळी गाणी, चार-पाच वर्षांत.

१९४६च्या ‘सुभद्रा’पाशी मी नेहमी थांबते. मास्टर विनायकांचा चित्रपट, संगीत वसंत देसाईंचं, जे स्वतः प्रभातमध्येच घडले होते. त्यात शांताबाईंबरोबर एका गाण्यात सोळा-सतरा वर्षांची लता मंगेशकर गायली आहे. ‘मैं खिली खिली फुलवारी’. शोधून ऐक. एक आवाज मोकळा, थेट, समोरच्याशी बोलणारा. दुसरा बारीक, नितळ, अजून आपली जागा शोधणारा. तीनच वर्षांत, १९४९ला, त्या दुसऱ्या आवाजाने हिंदी सिनेमाचं गाणं बदलून टाकलं. नायिकेने गायची गरज उरली नाही. गाणारी वेगळी, ओठ हलवणारी वेगळी. लताबाईंवर माझं निरतिशय प्रेम आहे, आणि पार्श्वगायनाने जे दिलं ते दुसऱ्या कशाने मिळालं नसतं. पण गाता गाता अभिनय करण्याची शांताबाईंची जी विद्या होती, तिचा बाजार तिथे उठला. वय वाढलं, आवाज उतरला, असं म्हणून मोकळं होता येत नाही. कामाची पद्धतच बदलली.

त्यानंतरही ‘स्वयंसिद्धा’ आहे, १९४९चा. मग पन्नासच्या दशकात काही चित्रपट, मग रंगभूमी. त्यांची मुलगी नयना आपटे हिने पुढे मराठी रंगभूमी आणि चित्रपट गाजवले. २४ फेब्रुवारी १९६४ला शांताबाई गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच महिन्यात पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि प्रभातची जागा तोवर फिल्म इन्स्टिट्यूटची झालेली होती. ज्या फाटकात त्या बसल्या, त्याच आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या गोदामाला जानेवारी २००३मध्ये आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या कितीतरी मूळ प्रिंट गेल्या. नायट्रेट पेटलं की विझत नाही. म्हणून जे शिल्लक आहे ते ओरखड्यांसकट बघ, चित्र फाटकं आहे म्हणून बंद करू नकोस.

सुरुवात ‘कुंकू’पासूनच कर, मराठी. पहिल्यांदा पूर्ण बघ, काही लिहून घेऊ नकोस. दुसऱ्यांदा नीरा आणि काकासाहेब समोरासमोर येतात ते प्रसंग चित्राकडे पाठ करून ऐक आणि नीरा कुठे गप्प राहते तेवढं टिपून ठेव. मग ‘अमृतमंथन’मधलं सुमित्रेचं एखादं गाणं आवाज बंद करून बघ, फक्त चेहरा आणि हात. शेवटी ‘सुभद्रा’चं ते दोघींचं गाणं.

पंधरा मिनिटांपैकी चरित्राला चार मिनिटांच्या वर देऊ नकोस. वर्गातले दिवे घालव, पडदा काळा ठेव आणि ‘कुंकू’मधला एक प्रसंग नुसता ऐकव. लॅपटॉपच्या स्पीकरवर लावू नकोस, घड्याळाची टिकटिक त्यावर ऐकू येत नाही. वर्गात बरा स्पीकर नसेल तर कुणाचा तरी मागून आण.